अंगणातला फायबरग्लास तरणतलाव : कोटेशनच्या पलीकडचा हिशोब

अधारताल हे नावच तलावाचे. राणी दुर्गावतीचे दिवाण अधारसिंह यांच्या नावावरून ते पडले, असे सांगतात. राणीताल, चेरीताल ही शेजारची नावेही त्याच काळाची आठवण देतात. त्या तलावांचे पाणी सगळ्या गावाचे होते आणि खर्च राजदरबाराचा. आता घराच्या अंगणातच छोटा तरणतलाव बसवावा, अशी इच्छा काही कुटुंबे बोलून दाखवतात. जबलपूरचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना या इच्छेचे नवल वाटणार नाही. फरक एवढाच, की या तलावाचे पाणी आणि खर्च दोन्ही एकाच घराचे.

फायबरग्लासचा तयार तलाव कमी दिवसांत बसतो आणि दिसायलाही छान दिसतो. त्यामुळे विक्रेत्याचे कोटेशन हातात आले की मन लगेच तयार होते. या लेखात आपण तीन गोष्टी पाहू : हा तलाव म्हणजे नेमके काय, त्याचा पूर्ण खर्च कसा काढायचा आणि पैसे देताना कोणती काळजी घ्यायची. तलाव घ्यावा किंवा घेऊ नये, असे सांगण्याचा हेतू नाही. निर्णय तुमचाच आहे. मात्र तो कोटेशनवरच्या एका आकड्यावर घेऊ नका. तलावामुळे दर महिन्याला तुमच्या हातात किती उरेल, हे पाहून घ्या.

फायबरग्लास तलाव म्हणजे काय?

काचेच्या बारीक धाग्यांचे थर रेझिनमध्ये बसवून साच्यावर एकसंध भांडे तयार करतात. विक्रेते त्याला ‘शेल’ म्हणतात. आतला गुळगुळीत, रंगीत थर म्हणजे जेलकोट. त्यामागे व्हिनाइल एस्टर रेझिनचा थर असला तर पाणी आत झिरपून फोड येण्याची शक्यता कमी होते. पैसे वाचवण्यासाठी काही ठिकाणी हा थर गाळतात. म्हणून तो आहे की नाही, हे कोटेशनमध्ये लिहून मागावे.

शेल कारखान्यातून अख्खा येतो. खड्डा खणायचा, तळ सपाट करायचा, क्रेनने शेल उतरवायचा आणि बाजू भरायच्या, असे काम असते. सिमेंट काँक्रीटचा तलाव हवा त्या आकाराचा करता येतो, पण त्याला वेळ जास्त लागतो, आणि टाइल्स व सांधे पुढे दुरुस्तीला येतात. प्लास्टिकच्या अस्तराचा तलाव सुरुवातीला स्वस्त पडतो, मात्र काही वर्षांनी अस्तर बदलावे लागते. फायबरग्लासचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने शेवाळ कमी धरते आणि रसायनेही तुलनेने कमी लागतात. हा त्याचा खरा फायदा. मर्यादाही आहेत : आकार साच्याप्रमाणेच मिळतो आणि शेल घरापर्यंत आणावा लागतो.

ही दुसरी अडचण जुन्या वस्त्यांत मोठी ठरते. आपल्याकडे सर्वसाधारण मालवाहू गाडीची रुंदीची मर्यादा 2.6 मीटर आहे. तीन मीटर रुंद शेल तिरका ठेवून किंवा खास परवानगी काढून आणावा लागतो. तुमच्या गल्लीत ट्रेलर वळतो का, वरून विजेच्या तारा जातात का, क्रेन उभी राहायला जागा आहे का, हे विक्रेत्याने स्वतः येऊन पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

आपली जमीन आणि आपला पाऊस

अधारतालला जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय आहे. 1964 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या परिसरातली जमीन खोल काळी, चिकण आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. घराच्या भिंतींना तडे जाण्यामागे अनेकदा हेच कारण असते. तलावाच्या शेलवरही हाच ताण येतो. म्हणून खणलेली काळी माती पुन्हा बाजूंना भरायची नसते. तिथे वाळू, बारीक खडी किंवा विक्रेत्याने लेखी सांगितलेले भरावाचे साहित्य वापरतात. बाजू भरताना आत पाणीही त्याच उंचीने भरत न्यावे लागते, नाहीतर शेलच्या भिंती आत किंवा बाहेर फुगतात.

दुसरा धोका पावसाळ्यातला. समजा तलाव 6 मीटर लांब, 3 मीटर रुंद आणि 1.2 मीटर खोल आहे. क्षेत्रफळ 18 चौरस मीटर. पावसात जमिनीतले पाणी शेलच्या तळाच्या अर्धा मीटर वर चढले, तर ते शेलला साधारण 9 टनांच्या जोराने वर ढकलते. तलाव भरलेला असला तर आतल्या पाण्याचे वजन हा जोर पेलते. तो रिकामा असला तर हलका शेल होडीसारखा वर उचलला जाऊ शकतो. यावर उपाय दोन. शेलच्या बाजूला छिद्रांचा पाइप आणि छोटा खड्डा ठेवावा, म्हणजे साचलेले पाणी मोटरने उपसता येते. आणि पावसाळ्यात सफाईसाठी म्हणून तलाव कधीही रिकामा करू नये. हा पाइप कोटेशनमध्ये बहुधा नसतो, कारण त्याने किंमत वाढते. तुम्ही तो मागून घ्या. अनेक वॉरंटींमध्ये ‘तलाव विनापरवानगी रिकामा केल्यास वॉरंटी रद्द’ अशी अट असते. तीही वाचून घ्या.

पाच लाखांचे नऊ लाख कसे होतात?

आता हिशोबाकडे वळू. एक उदाहरण घेऊ. यातले आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या कोटेशनचे आकडे त्यांच्या जागी घालून हाच हिशोब पुन्हा करा.

जबलपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले काका आणि काकू अधारतालला स्वतःच्या घरात राहतात. मुलगा-सून पुण्याला. नातवंडे उन्हाळ्याच्या सुटीत येतात. त्यांच्यासाठी अंगणात तलाव करावा, असे काकांच्या मनात आहे. विक्रेत्याने सांगितलेली किंमत 5,00,000 रुपये. त्यात शेल, पंप आणि फिल्टर आहे. बाकीचे असे :

- शेल, पंप, फिल्टर : 5,00,000
- जीएसटी (18 टक्के धरला) : 90,000
- वाहतूक आणि क्रेन : 60,000
- खोदकाम, तळाचे काँक्रीट, वाळू-खडीचा भराव : 1,10,000
- बाजूचा निचरा पाइप आणि उपशाचा खड्डा : 25,000
- काठाची फरसबंदी, वीजजोडणी, अर्थिंग : 65,000
- कुंपण, कुलपाचे फाटक आणि आच्छादन : 50,000
- एकूण : 9,00,000 रुपये

विक्रेता खोटे बोलला असे नाही. त्याने त्याच्या मालाची किंमत सांगितली, तुम्हाला मात्र चालू तलाव हवा आहे. म्हणून प्रत्येक विक्रेत्याला एकच प्रश्न लेखी विचारा : “पाणी भरून, पंप चालू करून, पोहण्यायोग्य तलाव ताब्यात देण्याची एकूण किंमत किती, आणि त्यात काय काय धरलेले नाही?” किमान तीन कोटेशने घ्या आणि ती वरच्या यादीप्रमाणे ओळीने मांडा. मगच स्वस्त कोण आणि महाग कोण, ते कळेल.

या यादीतले कुंपण आणि आच्छादन काटकसरीच्या नावाखाली गाळू नका. लहान मूल गुडघाभर पाण्यातही बुडू शकते. अंगण तुमचे असले तरी शेजारची मुले तिथे येतात. तसेच पंपाच्या वीजजोडणीला नीट अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारे उपकरण, म्हणजे आरसीसीबी, हवेच.

दर वर्षीचा खर्च

तलाव बसला की खर्च संपला, असे होत नाही. त्याच उदाहरणातला वार्षिक खर्च पाहू.

वीज : एक अश्वशक्तीचा पंप तासाला साधारण पाऊण युनिट घेतो. आठ महिने रोज 6 तास चालवला तर 240 दिवसांत 1,080 युनिट. थंडीच्या चार महिन्यांत रोज 2 तास धरले तर आणखी 180. एकूण 1,260 युनिट. 8 रुपये दर धरला तर 10,080 रुपये. विजेचा दर टप्प्यांनी वाढतो, त्यामुळे पंपाचे युनिट वरच्या टप्प्यात जाऊ शकतात, हेही लक्षात घ्या.

पाणी : या तलावात 21,600 लिटर पाणी मावते. उन्हाळ्यात दिवसाला 8 मिलिमीटर पाणी उडाले असे धरले, तर 18 चौरस मीटरवर रोज 144 लिटर, म्हणजे महिन्याला 4,320 लिटर होतात. नळाला पाणी कमी असते त्याच महिन्यांत हे पाणी लागते. तलावावर आच्छादन टाकले तर हा खर्च बराच कमी होतो. वर्षाचे 4,000 रुपये धरू.

रसायने : पाण्यात मोकळे क्लोरीन साधारण 1 ते 3 पीपीएम आणि पीएच 7.2 ते 7.6 च्या दरम्यान ठेवावा लागतो. महिन्याला 1,200 प्रमाणे वर्षाचे 14,400. क्लोरीन आणि आम्ल कधीही एकत्र ठेवू नयेत आणि एकमेकांत मिसळू नयेत. त्यातून विषारी वायू निघतो.

सफाईचा माणूस : महिन्याला 1,500 प्रमाणे 18,000.

दुरुस्तीची तरतूद : पंप, फिल्टरमधली वाळू, जेलकोटची डागडुजी यांसाठी दर वर्षी बाजूला काढून ठेवायचे 15,000.

एकूण 61,480 रुपये. म्हणजे महिन्याला सुमारे 5,123.

न दिसणारा खर्च : गेलेले व्याज

बँकेत बसून सर्वाधिक वेळा समजावून सांगावा लागणारा मुद्दा हाच आहे. नऊ लाख रुपये खड्ड्यात गेले की त्यांचे व्याजही गेले. त्याचे बिल येत नाही, म्हणून ते लक्षातही येत नाही.

काका-काकूंचे चित्र पूर्ण करू. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे 30 लाख रुपये आहेत. त्यातले 7 लाख त्यांनी आजारपण आणि अडीअडचणीसाठी मुदत ठेवींत वेगळे ठेवले. उरलेले 23 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवायचे आहेत. या योजनेत एका व्यक्तीला 30 लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते आणि व्याज दर तिमाहीला मिळते. व्याजदर 8.2 टक्के धरू. पेन्शन महिन्याला 38,000 आणि औषधांसह घरखर्च 42,000.

तलाव न केल्यास : 23 लाखांवर वर्षाला 1,88,600 व्याज, म्हणजे महिन्याला 15,717. पेन्शन धरून 53,717. घरखर्च वजा जाता शिल्लक 11,717 रुपये.

तलाव केल्यास : 14 लाखांवर महिन्याला 9,567 व्याज. पेन्शन धरून 47,567. घरखर्च आणि तलावाचा खर्च वजा जाता शिल्लक सुमारे 443 रुपये.

दोन्ही हिशोब आयकर धरण्यापूर्वीचे आहेत. व्याज करपात्र असते, तेव्हा आपल्या उत्पन्नाप्रमाणे ते पाहावे.

अकरा हजार सातशेवरून साडेचारशेवर. कोटेशनमध्ये हा आकडा कुठेही लिहिलेला नव्हता. आणि हा आज दिसणारा आकडा आहे. पुढच्या वर्षी औषधे महागली, विजेचा दर वाढला, तर साडेचारशे रुपयांत ते कसे भागणार? मग आजारपणासाठी राखलेल्या 7 लाखांना हात लागतो. म्हातारपणी मुलांपुढे हात पसरावा लागू नये म्हणून जी रक्कम राखली, तीच आधी झिजू लागते.

याच हिशोबाची दुसरी बाजू पाहू. देखभाल आणि गेलेले व्याज मिळून तलावाचा वर्षाचा खर्च 1,35,280 रुपये. नातवंडे आली तेवढेच 60 दिवस तलाव वापरला, तर एका दिवसाला 2,255 रुपये पडतात. घरात चार-पाच माणसे आहेत, कुणाला डॉक्टरांनी पोहण्याचा व्यायाम सांगितला आहे आणि वर्षातले 200 दिवस वापर होतो, असे असेल तर दिवसाला 676. तलाव तोच, खर्चही तोच. म्हणून “किती दिवस वापरणार?” याचे उत्तर उत्साहाच्या भरात न देता गेल्या वर्षाचे कॅलेंडर समोर ठेवून द्या. पावसाळ्याचे आणि थंडीचे महिने त्यातून वगळायला विसरू नका.

मधले मार्ग

निवड फक्त ‘नऊ लाख’ किंवा ‘काहीच नाही’ एवढीच नसते.

पहिला मार्ग, लहान शेल. 4 मीटर लांब, 2.5 मीटर रुंद, 1.2 मीटर खोल तलावात 12,000 लिटर पाणी मावते. मुलांना डुंबायला तो पुरतो. एकूण खर्च 5,50,000 आणि देखभाल वर्षाला 48,000 धरली, तर काका-काकूंच्या हातात महिन्याला सुमारे 3,960 रुपये उरतात. देखभाल निम्मी होत नाही, हे पाहा. पंप, सफाईचा माणूस आणि कुंपण छोट्या तलावालाही लागतेच.

दुसरा मार्ग, सार्वजनिक किंवा क्लबचा तरणतलाव. एका वेळचे माणशी 100 रुपये धरले, तर तीन जणांचे 60 दिवसांचे 18,000 होतात. रिक्षाचे भाडे धरूनही हा खर्च बराच कमी पडतो. शिवाय तिथे जीवरक्षक आणि शिकवणारे असतात, म्हणजे मुले नुसती डुंबत नाहीत, पोहायलाही शिकतात.

तिसरा मार्ग, थांबून पाहणे. तलावाचा महिन्याचा खर्च 5,000 च्या आसपास असेल, तर आधी एक वर्ष तेवढ्या रकमेची आवर्ती ठेव चालवा. बारा हप्ते न चुकता भरले गेले, तर हा बोजा तुम्हाला झेपतो. 6.7 टक्के व्याज धरले तर वर्षअखेर सुमारे 62,200 रुपये हातात येतील, म्हणजे देखभालीचे पहिले वर्ष निघाले. आणि तीन महिन्यांतच हप्ता जड वाटू लागला, तर उत्तर मिळालेच. आवर्ती ठेव मोडता येते, जमिनीत बसवलेला तलाव परत करता येत नाही. घर विकायची वेळ आली तरी तलावावर घातलेले पैसे किमतीत पूर्ण मिळतील असे धरू नका. काही खरेदीदार तो बुजवण्याचाच खर्च मोजतात.

कर्ज काढून तलाव?

समजा काकांनी 6 लाख कर्ज काढायचे ठरवले. व्याज 12 टक्के धरले तर 5 वर्षांचा मासिक हप्ता सुमारे 13,347 रुपये येतो. 5 वर्षांत व्याजापोटीच 2 लाखांहून थोडे अधिक जातात. त्यांची तलाव करण्यापूर्वीची शिल्लकच 11,717 होती. म्हणजे हे कर्ज त्यांना झेपणारे नाही, मग ते मंजूर होवो वा न होवो. मुदत 3 वर्षे केली तर व्याज सुमारे 1,17,400 वर येते, पण हप्ता 19,929 होतो.

घराच्या सुधारणेसाठीचे कर्ज वैयक्तिक कर्जापेक्षा स्वस्त असू शकते. त्यात तरणतलाव बसतो का, हे प्रत्येक बँकेच्या नियमावर आहे. शाखेत आधी विचारा. मुदत ठेवीवर कर्ज घेतले तर बहुतेक बँका ठेवीच्या व्याजदराहून एक-दोन टक्के अधिक दर लावतात. मात्र अडचणीसाठी राखलेली ठेव अशा कामाला गहाण टाकू नये. सोन्यावरचे कर्जही हौसेसाठी नको.

1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे किरकोळ मुदत कर्ज घेणाऱ्याला ‘मुख्य तथ्य विवरण’ देणे बंधनकारक आहे. त्यात सगळे शुल्क धरून वार्षिक दर किती पडतो ते लिहिलेले असते. दोन बँकांची तुलना त्या दरावरून करा. जाहिरातीतला दर पुरेसा नाही.

ज्येष्ठ नागरिक योजनेत पैसे ठेवणाऱ्यांसाठी एक सूचना. या खात्यातून थोडी रक्कम काढता येत नाही, मुदतीपूर्वी सगळे खातेच बंद करावे लागते. एक वर्षानंतर पण दोन वर्षांच्या आत बंद केले तर मुद्दलातून दीड टक्का आणि दोन वर्षांनंतर एक टक्का कापला जातो. म्हणून मोठी रक्कम दोन-तीन खात्यांत विभागून ठेवणे सोयीचे. पुढे गरज पडली तर एकच खाते मोडावे लागते.

पैसे देताना

तलाव घ्यायचा असे ठरले तर पुढची काळजी घ्या.

1. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. नाव आणि पत्ता जुळला पाहिजे.
2. पैसे संस्थेच्या बँक खात्यातच भरा. मालकाच्या वैयक्तिक खात्यात किंवा मोबाइल क्रमांकावर नको. आरटीजीएस किंवा एनईएफटी करताना ज्याच्या खात्यात पैसे जाणार त्याचे नाव आधी पाहण्याची सोय आता आहे. ती वापरा.
3. “रोख दिले तर बिल कमी करतो” याला भुलू नका. पक्के बिल नसेल तर वॉरंटी आणि तक्रार दोन्ही कमजोर होतात. शिवाय एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारायला आयकर कायद्याने मनाई आहे.
4. पैसे टप्प्याने द्या. उदाहरणार्थ, करार झाल्यावर 20 टक्के, कारखान्यात शेल पाहून तो निघण्यापूर्वी 40, शेल बसून बाजू भरल्यावर 30 आणि गळतीची चाचणी झाल्यावर शेवटचे 10. हा शेवटचा टप्पा करारात असल्याशिवाय सही करू नका.
5. वॉरंटी चार वेगळ्या गोष्टींची मागा : शेल, जेलकोट, पंप-फिल्टर आणि बसवण्याचे काम. प्रत्येकाची मुदत किती, ती कोण देणार, कारखाना की स्थानिक ठेकेदार, आणि काळ्या जमिनीत ती लागू आहे का, हे लेखी घ्या.
6. बांधकाम परवानगीची गरज आहे का, हे नगर निगमात आधी विचारा. ‘आम्ही बघून घेऊ’ हे विक्रेत्याचे आश्वासन नोटीस आल्यावर उपयोगी पडत नाही.

गळतीची चाचणी घरच्या घरी होते. बादलीत पाणी भरून ती तलावाच्या पायरीवर ठेवा. बादलीच्या आतले आणि बाहेरचे पाणी सारख्या पातळीला असावे. दोन्हीकडे खूण करा. चोवीस तासांनी तलावाचे पाणी बादलीपेक्षा जास्त उतरले असेल तर गळती आहे. दोन्ही सारखे उतरले असेल तर पाणी फक्त उडाले आहे. पंप बंद आणि चालू, अशा दोन्ही स्थितींत ही चाचणी करा आणि मगच शेवटचे 10 टक्के द्या.

काम बिघडले आणि विक्रेता दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते. दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. करार, बिले, बँकेतून पैसे गेल्याच्या नोंदी आणि खोदकामापासूनचे फोटो एका फाइलमध्ये ठेवा. खड्डा बुजल्यावर आत वाळू भरली की काळी माती, हे फोटोशिवाय सिद्ध करणे कठीण जाते.

सही करण्यापूर्वी पाच प्रश्न

- पूर्ण खर्च, म्हणजे कोटेशन अधिक यादीतले बाकी सगळे, कागदावर मांडला आहे का?
- सहा महिन्यांचा घरखर्च आणि आजारपणाची रक्कम बाजूला ठेवून मगच हे पैसे निघत आहेत का?
- देखभाल आणि गेलेले व्याज वजा जाता महिन्याला किती शिल्लक राहते? तेवढ्यात महागाई झेपेल का?
- वर्षातले किती दिवस वापर होईल, आणि एका दिवसाला किती रुपये पडतात?
- पाच वर्षांनी तलावाची काळजी कोण घेणार?

पाचही प्रश्नांची उत्तरे तुम्हाला पटली तर निश्चिंत मनाने तलाव करा. हौसेलाही संसारात जागा असते, आणि ती स्वतःच्या पैशाने, झेपेल तेवढी करण्यात काहीच गैर नाही. एका जरी प्रश्नापाशी अडलात, तर कोटेशन आणि हा कागद घेऊन तुमच्या शाखेत या. हिशोब करून देण्याचे बँक पैसे घेत नाही. येताना जोडीदारालाही सोबत आणा. पैसे दोघांचे आहेत आणि उद्याचा घरखर्चही दोघांनाच चालवायचा आहे.